ई-कचऱ्याचे खरेदी केंद्र कड्यात उघडा

प्रति,
मा. पंकजाताई मुंडे,
पर्यावरण व वातावरणीय बदल मंत्री,
महाराष्ट्र राज्य



आष्टी तालुक्यातल्या कड्यात माझे मोबाईल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुरुस्तीचे दुकान आहे. राज्याचे पर्यावरण खाते बीड जिल्ह्यातल्या व्यक्तीकडे आहे, म्हणून हे पत्र आपल्याला, सगळ्यांसमक्ष लिहितो आहे. मुख्य मागणी एकच आहे. कड्यासारख्या बाजारगावी ई-कचरा वजन करून, पैसे मोजून घेणारे कायमचे केंद्र उघडावे. त्यासाठी लागणारा कायदा झालेला आहे, कंपन्यांवर खर्चाची जबाबदारी टाकलेली आहे, माल घेणारे कारखानेही राज्यात आहेत. अडते ते फक्त गावाजवळच्या केंद्रापाशी.

ई-कचरा म्हटले की मुंबई-पुण्याच्या ऑफिसांमधले जुने कॉम्प्युटर आठवतात. आमच्याकडचा बराचसा ई-कचरा शेतातून येतो. बोअरच्या मोटारीचे जळालेले स्टार्टर, फोन लावून मोटार चालू-बंद करायचे ऑटो, बॅटरीवरचे फवारणी पंप, रानडुकरांसाठी कुंपणाला जोडलेली झटका मशीन, सौर पंपाचे कंट्रोलर. दूध संकलन केंद्रावरची फॅट मोजायची यंत्रे आणि आडतीवरचे इलेक्ट्रॉनिक काटेही त्यातच आले. घरात सेट टॉप बॉक्स, इन्व्हर्टर, मिक्सर, जुने टीव्ही, आणि कपाटाच्या खणात बंद पडलेले मोबाईल. उजाला योजनेत २०१५ पासून देशभर ३६ कोटींहून जास्त एलईडी बल्ब वाटले गेले. त्यांतले सुरुवातीचे बल्ब आता उकिरड्यावर दिसू लागले आहेत. शाळांचे आणि कार्यालयांचे संगणक वेगळेच. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० चे नेहमीचे अपडेट देणे थांबवले, त्यामुळे चालू स्थितीतले कितीतरी संगणक येत्या काही वर्षांत बाजूला पडतील. यांतली कोणतीही वस्तू चैनीची नाही. दुष्काळी तालुक्यातल्या माणसाने पाण्यासाठी, पिकासाठी, मुलांच्या शिक्षणासाठी पोटाला चिमटा घेऊन घेतलेल्या या वस्तू आहेत. त्या बिघडल्या की माझ्यासारख्याकडे येतात. दुरुस्त होत नाहीत तेव्हा गिऱ्हाईक म्हणते, ‘राहू द्या तुमच्याकडंच, आता मी घेऊन काय करू?’ दुरुस्तीच्या प्रत्येक दुकानात असा ढीग साठतो आणि तो कुठे द्यायचा हे कोणालाच माहीत नसते.

गावात या मालाला तीन वाटा आहेत. पहिली माळ्यावर जाते. मोबाईलमध्ये घरचे फोटो असतात, आधार कार्डाचे, बँकेच्या पासबुकाचे फोटो असतात, म्हणून माणूस तो टाकतही नाही आणि विकतही नाही. दुसरी वाट उकिरड्यावर आणि ओढ्यात जाते. बल्ब, ट्यूबलाईट, रिमोट, चार्जर, इअरफोन अशा ज्या वस्तूंना कोणी दमडी देत नाही त्या सगळ्या तिकडे. तिसरी वाट भंगारवाल्याकडे जाते, आणि गावातले या विषयातले खरे काम आज तोच करतो. तो मोटारीचे तांबे, ट्रान्सफॉर्मर, पत्रा, मदरबोर्ड घेतो. त्याच्याकडून माल नगरच्या मोठ्या व्यापाऱ्याकडे जातो आणि पुढे हात बदलत बदलत दूरच्या शहरांत पोचतो. उत्तर प्रदेशातले मुरादाबाद आणि दिल्लीतले सीलमपूर ही ठिकाणे याच कामासाठी देशभर बदनाम झाली. तिथे उघड्यावर बोर्ड जाळून आणि आम्लात बुडवून धातू काढले गेले, आणि त्यात बायका-मुलेही राबली.

नुकसान दूरच्या शहरातच होते असे समजू नये. वायरमधले तांबे सोडवायला वायर पेटवली की तिच्यावरचे पीव्हीसी जळते आणि त्या काळ्या धुरात डायॉक्सिनसारखी विषे असतात. जुन्या टीव्हीच्या पिक्चर ट्यूबच्या काचेत शिसे असते. ट्यूबलाईट आणि सीएफएलमध्ये पारा असतो. फुटली की तो हवेत आणि मातीत जातो. जुन्या बोर्डांवरच्या जोडांत कथलाबरोबर शिसे वापरलेले आहे. मोबाईलची फुगलेली बॅटरी कचऱ्याच्या ढिगात चेपली गेली तर आग लागते. आमच्या तालुक्यात पिण्याचे पाणी विहिरी आणि बोअरचे. पाऊस कमी, ओढ्यांना प्रवाह थोडे दिवस, त्यामुळे जे जमिनीत मुरते ते वाहून जात नाही. शिशाची कोणतीही पातळी मुलांसाठी सुरक्षित मानता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ई-कचऱ्यापासून मुलांना होणाऱ्या धोक्यावर याच संघटनेने २०२१ मध्ये स्वतंत्र अहवाल काढला आहे. पाण्याची टंचाई आमच्या नशिबी आहेच. जे पाणी मिळते ते तरी शुद्ध राहावे.

आता कायद्याकडे येतो. ई-कचऱ्याचे पहिले स्वतंत्र नियम २०११ मध्ये झाले आणि १ मे २०१२ पासून लागू झाले. २०१६ मध्ये ते बदलले. आज चालू आहेत ते २०२२ चे नियम, १ एप्रिल २०२३ पासून. पूर्वी २१ प्रकारच्या वस्तू नियमांत होत्या, आता शंभरावर आहेत. वस्तू बनवून विकणाऱ्या कंपनीनेच ती निकामी झाल्यावर तिच्या पुनर्चक्रणाची जबाबदारी घ्यायची, हा या नियमांचा कणा आहे. २०२३-२४ आणि २०२४-२५ साठी ६० टक्के, पुढच्या दोन वर्षांसाठी ७० टक्के आणि २०२७-२८ पासून ८० टक्के असे उद्दिष्ट कंपन्यांना दिले आहे. कंपनी हे काम नोंदणीकृत रिसायकलरकडून प्रमाणपत्र विकत घेऊन पुरे करते. त्या प्रमाणपत्राला केंद्राने २०२४ मध्ये किमान दरही ठरवून दिला: टीव्ही-फ्रिजसारख्या वस्तूंसाठी किलोमागे २२ रुपये. काही मोठ्या कंपन्या या दराविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, यावरूनच यात किती पैसा गुंतला आहे ते कळते.

ताई, हमीभावाचे दुखणे बीड जिल्ह्याला वेगळे सांगावे लागत नाही. दर दिल्लीत जाहीर होतो, पेपरात छापून येतो. पण तालुक्यात खरेदी केंद्र वेळेवर उघडले नाही तर शेतकरी तूर आणि सोयाबीन मिळेल त्या भावात घालतो. ई-कचऱ्याचे नेमके तेच झाले आहे. २०२२ च्या नियमांत नोंदणी उत्पादक, रिसायकलर, नूतनीकरण करणारे अशांची होते. संकलन केंद्र नावाची वेगळी नोंदणी आता उरलेली नाही. कंपनीला वजनाचे उद्दिष्ट आहे, ते वजन कुठून गोळा करायचे याचे बंधन नाही. मग जिथे एका फेरीत टेम्पो भरतो तिथून ते गोळा होते: मुंबई, पुणे, नाशिकच्या कंपन्या, बँका, सोसायट्या. कड्याच्या शेतकऱ्याने स्टार्टर घेतला तेव्हा शहरातल्या माणसाइतकेच पैसे मोजले. परत घेण्याची सोय मात्र शहरातल्या माणसाला.

दुसरी अडचण अशी की प्रमाणपत्र चार धातूंसाठी मिळते: सोने, तांबे, लोखंड, अल्युमिनियम. फुटलेली ट्यूबलाईट, टीव्हीची काच, स्वस्त खेळण्यातले प्लॅस्टिक यांना प्रमाणपत्र नाही, म्हणून गिऱ्हाईकही नाही. सगळ्यात घातक तेच सगळ्यात कवडीमोल, आणि ते गावातच राहते. नियमांत ग्रामपंचायतीवरही काम सोपवले आहे. कचऱ्यात आलेला ई-कचरा वेगळा काढायचा, ज्याच्या उत्पादकाचा पत्ता नाही असा मालही गोळा करायचा आणि नोंदणीकृत ठिकाणी पोचवायचा. आमच्या बाजारात येणारे कितीतरी फवारणी पंप, चार्जर आणि टॉर्च अशा बिननावाच्या मालाचे असतात. पण ग्रामपंचायतीने हा माल कोणत्या गाडीने, कोणत्या पैशाने, कोणाकडे पोचवावा, याची व्यवस्था कोणी लावून दिलेली नाही.

व्यवस्था लावली तर गावातला माणूस साथ देतो, याचा पुरावा आमच्या बाजारपेठेतच आहे. कड्यात इन्व्हर्टरची किंवा ट्रॅक्टरची बॅटरी कोणी उकिरड्यावर टाकत नाही. नवी घ्यायला जाताना जुनी सोबत नेली की दुकानदार बिलात रक्कम कमी करतो. शिसे-आम्ल बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी २००१ च्या नियमांनी विक्रेत्यांवर टाकली, जुन्या शिशाला बाजारात भाव होताच, आणि दोन्हींच्या जोडीने परत देण्याची रीत खेड्यापाड्यांत रुजली. यासाठी गावकऱ्यांना कोणी भाषणे दिली नव्हती. जागा ठाऊक होती आणि हातात पैसे पडत होते, एवढ्यावर भागले.

पुण्यातला अनुभवही आपल्या खात्याला ठाऊक आहे. तिथल्या कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ मध्ये उभी राहिली, आणि त्यातून २००८ मध्ये महापालिकेबरोबर काम करणारी ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था आली. जे लोक आधीपासून कचऱ्यातून पोट भरत होते त्यांनाच ओळखपत्र, हक्काचे काम आणि मान मिळाला. पुढे घरातला ई-कचरा गोळा करण्याचे कामही या संस्थेकडे आले. पूर्णम इकोव्हिजन संस्थेच्या पुढाकाराने होणाऱ्या ‘ई-यंत्रण’ मोहिमेत पुणेकर ठरलेल्या दिवशी बंद वस्तू आणून देतात. परदेशातले उदाहरण जपानचे. टोकियो ऑलिंपिकची पदके जुन्या उपकरणांतल्या धातूंपासून करायची असे ठरले, आणि एप्रिल २०१७ ते मार्च २०१९ या दोन वर्षांत लोकांनी सुमारे ७९ हजार टन उपकरणे दिली, त्यांत ६२ लाखांच्या आसपास मोबाईल होते. त्यातून सुमारे ३२ किलो सोने, साडेतीन हजार किलो चांदी आणि २२०० किलो कांस्याचे धातू निघाले. त्या देशातल्या बहुतेक सगळ्या स्थानिक संस्था यात उतरल्या होत्या, लहान गावांच्यासुद्धा. आपल्याकडे मात्र हे काम महानगरांच्या वेशीवर थांबले आहे. २०२२ मध्ये जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निघाला आणि त्यातला जेमतेम २२ टक्के रीतसर पुनर्चक्रणाला गेल्याची नोंद आहे. ई-कचरा निर्माण करण्यात चीन आणि अमेरिकेनंतर तिसरा क्रमांक भारताचा लागतो.

कडाच का, असे आपण विचाराल. कडा हे बाजाराचे गाव आहे, तालुक्याची कृषी उत्पन्न बाजार समिती इथेच आहे. आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवरची माणसे बाजाराला, बँकेला, दवाखान्याला, कॉलेजला इथे येतातच. जुना मिक्सर पिशवीत घालून आणायला त्यांना वेगळी खेप पडणार नाही. दुसरे कारण रस्त्याचे आहे. आमचा जिल्हा बीड, पण आम्हाला बीडपेक्षा नगर जवळ. दुकानांचा माल नगर-पुण्याहून येतो, दुरुस्तीचे सुटे भाग तिकडूनच येतात. त्याच पुणे-नगर रस्त्यावर रांजणगावला घातक कचऱ्यावर प्रक्रिया करणारी सुविधा आहे, आणि पुणे-मुंबईच्या परिसरात नोंदणीकृत रिसायकलर आहेत. माल ज्या वाटेने येतो त्याच वाटेने परत गेला तर वाहतूक परवडते. जिल्ह्याची हद्द पाळायची म्हणून कड्याचा माल आधी बीडला न्यायचा आणि मग उलट पुण्याकडे आणायचा, अशी योजना कागदावर नीट दिसेल आणि डिझेलच्या खर्चातच मोडेल. बाजार समितीच्या आवारात एक पक्क्या फरशीची, पत्र्याची, कुलूपबंद खोली आणि एक काटा एवढ्यावर सुरुवात होऊ शकते.

आता नेमक्या मागण्या मांडतो.

पहिली मागणी. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने पुढाकार घेऊन एका नोंदणीकृत रिसायकलरचा बाजार समिती आणि ग्रामपंचायतीशी लेखी करार करून द्यावा. दर महिन्याचे भाव फलकावर लागावेत, पैसे जागेवर मिळावेत, पावती मिळावी. भाव फक्त बोर्ड आणि तांब्याला नको. ट्यूबलाईट, सीएफएल, टीव्हीची काच यांनाही थोडीफार रक्कम द्यावी आणि ती उत्पादक कंपन्यांच्या पैशातून यावी. साठवणुकीला नियमांत साधारण १८० दिवसांची मर्यादा आहे, तेव्हा सहा महिन्यांच्या आत गाडी आलीच पाहिजे, माल थोडा असला तरी.

दुसरी मागणी. भंगारवाल्यांना या कामातून काढू नका, त्यांनाच केंद्राचे संकलक करा. गल्ली त्यांना माहीत आहे, वस्तीवरचे घर त्यांना माहीत आहे. त्यांना ओळखपत्र, हातमोजे, मास्क आणि चार दिवसांचे प्रशिक्षण द्या: वायर जाळायची नाही, सोलायची; पिक्चर ट्यूब फोडायची नाही; फुगलेली बॅटरी कोरड्या वाळूच्या डब्यात ठेवायची. केंद्रावर त्यांना मिळणारा भाव नगरच्या व्यापाऱ्यापेक्षा कमी असेल तर ते येणार नाहीत, आणि त्यात त्यांचा दोष नसेल.

तिसरी मागणी. मोबाईल घेताना त्यातली माहिती मालकाच्या डोळ्यांसमोर पुसावी, आणि पुसता येत नसेल तर तो बोर्ड तिथेच निकामी करावा. आयएमईआय क्रमांक नोंदवून ‘संचार साथी’वर तपासावा, म्हणजे चोरीचा माल केंद्रात शिरणार नाही. एवढा भरवसा मिळाला की कपाटातले मोबाईल आपोआप बाहेर येतील.

चौथी मागणी सरकारच्या स्वतःच्या ई-कचऱ्याची. जिल्हा परिषदेच्या शाळांत आणि कार्यालयांत बंद संगणक, प्रिंटर, यूपीएस वर्षानुवर्षे पडून राहतात, कारण ते डेडस्टॉक रजिस्टरला लागलेले असतात आणि निर्लेखनाची परवानगी वेळेवर मिळत नाही. ऑडिटमध्ये विचारणा होईल म्हणून मुख्याध्यापक त्यांना हात लावायला घाबरतात आणि एक वर्गखोली अडकून राहते. ग्रामविकास आणि शालेय शिक्षण खात्यांशी बोलून निर्लेखनाची मुदतीत पुरी होणारी सोपी पद्धत ठरवून द्यावी. केंद्राला सुरुवातीचा भरवशाचा माल त्यातूनच मिळेल.

पाचवी मागणी. मोडीत काढण्याआधी दुरुस्ती. पुन्हा चालू शकणारी वस्तू वितळवणे हे नुकसानच आहे. नियमांत नूतनीकरण करणाऱ्याची नोंदणी आहे, पण ती मोठ्या संस्थांच्या मापाची आहे. तालुक्यातल्या दुरुस्ती करणाऱ्यांचा गट करून त्यांना केंद्राशी जोडा, आयटीआयच्या मुलांना तिथे हात चालवू द्या. चालू केलेले संगणक वाडीवरच्या शाळांना द्या. मी माझ्या दुकानातून हे काम शिकवायला तयार आहे.

सहावी मागणी. आपल्याच खात्याचे ‘माझी वसुंधरा’ अभियान २०२० पासून चालू आहे आणि त्यात ग्रामपंचायती चुरशीने उतरतात. ई-कचऱ्याला त्यात ठळक गुण द्या, आणि ते फलक रंगवल्याचे किंवा फेरी काढल्याचे नकोत. रिसायकलरच्या पावतीवर किती किलो माल गेला, त्याचे द्या. २००० साली सुरू झालेल्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानात खेडी कशी इरेला पेटली होती ते महाराष्ट्राने पाहिले आहे. गावाला मोजमाप दिले की गाव धावते.

यावर एक आक्षेप येईल की एवढ्याशा गावात माल किती निघणार. पहिल्या वर्षी भरपूर निघेल, कारण माळ्यावरचा अनेक वर्षांचा साठा खाली येईल. नंतर कमी होईल, पण थांबणार नाही. शेतात यंत्रे वाढतच चालली आहेत. सौर पॅनलचेही तेच. त्यांचा कचरा २०३४-३५ पर्यंत साठवून ठेवण्याची तरतूद नियमांत आहे. दहा वर्षांनी शेताशेतातून निघणारे फुटके पॅनल कुठे ठेवायचे, याचे उत्तर आज बांधलेल्या खोलीतूनच मिळेल. दुसरा आक्षेप असा येईल की एक दिवसाची मोहीम पुरेशी आहे. मोहीम जरूर घ्यावी, आणि घट बसण्याआधी घरोघर साफसफाई चालते तेव्हाच घ्यावी. ऊसतोडीला गेलेली कुटुंबे परत आल्यावर दुसरी घ्यावी, नाहीतर ज्या घरांचा माल कोणीच विचारत नाही ती पुन्हा वगळली जातील. पण मोहिमेच्या दुसऱ्या दिवशी ज्याचा स्टार्टर जळेल त्याने तो कुठे न्यावा? त्यासाठी बाजाराच्या दिवशी हमखास उघडे असणारे दार लागते.

ताई, या जिल्ह्याने रेल्वेसाठी किती वाट पाहिली ते आपल्याइतके कोणाला माहीत असणार? १९९५ साली मंजूर झालेला नगर-बीड-परळी मार्ग कडा ओलांडून आष्टीपर्यंत आला तो २०२२ मध्ये आणि बीडला पोचला तो १७ सप्टेंबर २०२५ रोजी. या कामाला रूळ टाकायचे नाहीत, जमीन संपादित करायची नाही, हजारो कोटी लागणार नाहीत. मंडळाचे एक पत्र, एक करार, एक खोली आणि सहा महिन्यांतून एक गाडी लागते. कड्यात ते जमले तर धारूर, गेवराई, माजलगाव, केज, कुठेही जमेल.

येत्या नवरात्राच्या आधी केंद्राचे दार उघडावे, अशी विनंती आहे. मंडळाचे अधिकारी जागा पाहायला आले तर बाजार समिती, ग्रामपंचायत, शाळा आणि भंगाराचा व्यवसाय करणारी माणसे यांना एकत्र बसवण्याचे काम आम्ही गावकरी करू. पहिल्या दिवशी माझ्या दुकानातला सगळा साठा मी स्वतः काट्यावर आणून ठेवीन.

आपला,
दुरुस्तीचे दुकान चालवणारा एक रहिवासी
कडा, ता. आष्टी, जि. बीड